फुली डोंग्याची हजेरी

२६ जून १९८२, शनिवार

डोंगा मी चालवते असं कोणी म्हणत नाई, पण चालवते मीच. वल्हं माह्या हातात, फोड माह्या तळव्याले, आणि पुराच्या हापिसाच्या यादीत नाव कोणाचं तं माह्या लेकीच्या, शोभाच्या बाबाइचं. बरं, यादीत असतं तं असो. कागद पेटीत राह्यते, तो काई बोलत नाई. पण हे लोक म्हणते का थे नाव तोंडानं घ्या. तेही एकदा नाई, लागोपाठ तीनदा, सकाळ-संध्याकाळ, साऱ्या नदीले ऐकू जाईन असं.

पुराच्या हापिसानं या वर्षी चार घाटाचे चार डोंगे पावसाळाभर भाड्यानं धरले. एकेका डोंग्यात वायरलेसचा एकेक डब्बा. आज ओव्हरशेर किसनराव आमच्या घाटावर तो बसवाले आले. डब्ब्याले एक मूठ, मुठीले बटण. दाबलं का बोला, सोडलं का ऐका. बोलणं सरलं का ‘ओव्हर’ म्हणा. सकाळी सातले आणि संध्याकाळी सहाले कंट्रोल, म्हणजे पुराच्या हापिसातला मोठा डब्बा, हजेरी घेईन. तितकं मले एका दमात समजलं. मंग म्हणे, पहिले ज्याले बोलावता त्याचं नाव तीनदा आणि मंग आपण कोण थे. तुमच्या डोंग्याचं नाव, म्हणे, फुली.

फुली म्हणजे शोभाचे बाबा. मी थे नाव घेत नाई. तेहतीस वर्सं झाली लग्नाले, एकदा उखाण्यात घेतलं, तेही बायाइनं दार अडवून धरलं म्हून. या वहीत बी थे नाव लिहीत नाई, त्या जागी फुलीच मारीन.

ओव्हरशेराले म्हणलं, डोंग्याले दुसरं काई बी नाव द्या, गाईचं द्या, झाडाचं द्या. म्हणे परवाना ज्याच्या नावानं, डोंगा त्याच्या नावानं. म्हणजे मी बाईमाणसानं नदीच्या मधात उभं राहून म्हणायचं का मीच फुली हाय. लोक हासतीन नाई तं काय करतीन.

आणखी एक. शिडाचा बांबू ज्या भोकात उभा राह्यते, त्याच भोकात त्याइनं डब्ब्याची लोखंडी काडी ठोकली. शीड कुठं लावू, डोक्यावर? ते गेल्यावर काडी उपसली, बांबू उभा केला आणि काडी बांबूच्या शेंड्यावर बांधली. काडी जितकी उंच तितका आवाज दूर जाते, असं तेच म्हणाले होते. मंग उंच केली तं काय चुकलं?

हे सारं मी पहिले डब्ब्यासंगं दिलेल्या सरकारी वहीतच लिहिलं होतं. संध्याकाळी परत आले तवा किसनरावाइनं थे पान फाडलं. म्हणे, ‘बाई, इथं टाइम आणि निरोप लिहायचा, भांडण लिहायचं नाई.’ म्हून ही दुसरी वही. शोभाच्या शाळेतली हाय, मागून अर्धी कोरी निघाली. चौथीपर्यंत शिकली मी. जितकं येते तितकं लिहीन.

२८ जून, सोमवार

एक डब्बा टेकडीवर बी बसवला. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. नदी तिथं वळण घेते आणि वळणामागचं डोंग्यातून बोललेलं कंट्रोलले ऐकू जात नाई. हा आवाज सरळ जाते, वाकत नाई. टेकडीवरून मात्र दोन्हीकडचं दिसते. म्हून तिथं ऐकणारं माणूस पायजे होतं. ओव्हरशेरानं पायलं का शोभाचे बाबा तसेबी दिवसभर तिथंच बसते, त्याइच्याच पुढ्यात डब्बा ठेवला. त्याइनं हो म्हणलं नाई आणि नाई बी म्हणलं नाई.

मागल्या श्रावणापासून ते असेच हायेत. पल्याडून येताना पाण्यातल्या लाकडावर डोंगा आपटला. सहा माणसं काढली त्याइनं, सातवा तानबा नाई सापडला. तानबा म्हणजे आमच्या घराले भिंत लागून राह्यणारा. चौकशी झाली, पंचनामा झाला, साऱ्याइनं सांगतलं का चूक कोणाची नाई. शोभाच्या बाबाइनं त्या दिवशी वल्हं भिंतीले टेकवलं थे आजवर उचललं नाई. जेवाले घरी येते आणि टेकडीवर जाते. वर्षभरात माह्याशी बोलले असतीन तं ‘मीठ जास्त झालं’ इतकंच.

मंग घाट बंद करू का? माहा बाप बी डोंगाच चालवत होता. मी बापाचं वल्हं उचललं. कोणाले इचारलं नाई.

३ जुलै, शनिवार

कंट्रोलवर प्रेमदास म्हून हायेत. फौजेतून रिटायर झालेले. तोंड पायलं नाई, पण आवाज असा का समोरचा मुकाट्यानं सरळ उभा राहीन. पहिल्या हजेरीले मी बटण दाबून म्हणलं, ‘मी बोलून राह्यली, ओव्हर.’

‘मी म्हणजे कोण? ओव्हर.’

‘मी म्हणजे मी. बोरगव्हाणच्या घाटावरची. ओव्हर.’

‘स्टेशनचं नाव सांगा. ओव्हर.’

‘थे तुमाले माहीत हाय. यादीत पाहा. ओव्हर.’

त्यावर खालच्या घाटावरून पुंडलिकरावाचा हासण्याचा आवाज आला. पुंडलिकराव म्हणजे किराणा दुकानवाले. औंदा त्याइनं नवा डोंगा बांधला आणि एका माणसाले रोजानं बसवलं. आमचा घाट बी त्याइले पायजे, हे साऱ्या गावाले माहीत हाय. हासणं बंद झाल्यावर प्रेमदासनं मले गैरहजर लिहिलं. हजर असून गैरहजर. चार दिवस असंच चाललं.

आज उपाय सापडला. डोंग्यात शाळेचे मास्तर होते, त्याइच्या तोंडासमोर मूठ धरली आणि म्हणलं, इतकं एक नाव घ्या, बाकी मी पायते. मास्तरनं खणखणीत घेतलं. मी पुढं, ‘पाणी चौथ्या पायरीवर, सारं ठीक, ओव्हर.’ प्रेमदास म्हणे, हजर.

याले म्हणते डोकं.

९ जुलै, शुक्रवार

झ्याक चाललं हाय. जो डोंग्यात असन त्याच्याकडून नाव घेऊन घेते. परवा बकऱ्या विकणारा होता, त्यानं घेतलं आणि मागून बकरी बी बोलली. काल धामणगावकडची एक बुढी होती. तिनं मले इचारलं का हा फुली कोण. म्हणलं, माहा मालक. तिनं पदर तोंडाले लावला, पण नाव घेतलं बाईनं. दुसऱ्याचा नवरा हाय, तिले काय होते.

बटणाचं मले आता कोणी सांगा लागत नाई. पहिले ऐकायचं, कोणी बोलत असन तं मधात शिरायचं नाई. बोलावणं डब्ब्यातल्या पहिल्या नंबरावर, गोष्टी दुसऱ्या नंबरावर. मूठ तोंडापासून चार बोटं दूर. लय जवळ धरलं का भांडल्यासारखं ऐकू येते, असं प्रेमदास म्हणे. मी म्हणलं, दूर धरलं तरी तसंच येईन.

एक गोष्ट पायली. मी कंट्रोलले बोलावलं आणि कंट्रोलचा जबाब यायले उशीर झाला, का टेकडीवरून पहिले येते, ‘ऐकलं. ओव्हर.’ घरी तीनदा इचारलं तरी भाजी कशी झाली थे सांगत नाई, आणि इथं न इचारता ऐकलं म्हणते. रिकामं बसल्यावर माणसाले दुसरं काय काम. आपण होऊन मात्र कधी बोलावत नाई. माह्या डोंग्याले बोलवायचं तं त्याइले बी थेच नाव घ्या लागीन ना, स्वतःचं. त्यातबी त्याइले आळस.

१७ जुलै, शनिवार

आज तोंड दाखवाले जागा नाई.

दुपारी पल्याडच्या काठाले डोंगा लावून भाकर खात होती. सोबतीले शोभा, सिंदी मेघ्यावरून चार दिवसासाठी आली हाय. ती म्हणे, ‘माय, बाबा असे काऊन झाले वं?’ माहं डोकं तापलंच होतं. म्हणलं, तानबाले काय त्याइनं बुडवलं? लाकडानं बुडवलं. मेला तो एक आणि त्याच्यासंगं बसून राह्यला दुसरा. मी रोज त्याच पाण्यावरून जाते. त्या जागेपाशी आली का भेवानं डोळे मिटून वल्हं मारते, आणि लोक म्हणते बाई लय धीराची. लाकूड नेमकं कुठं हाय थे फक्त त्याइले माहीत, आणि ते काई सांगत नाई. मी इचारत बी नाई, इचारलं तं आणखी गप होतीन. एखाद्या दिवशी मी बी तिथंच जाईन, मंग बसा म्हणा टेकडीवर दोघाइचं दुःख करत.

असं लय बोलली. शोभा रडाले लागली. उठाले गेली तं पाहाते काय, मूठ माह्या मांडीखाली आणि बटण दाबलेलं. सोडलं, तं प्रेमदासचा आवाज, ‘ज्याचं बटण दबलं होतं त्यानं सोडलं हाय. सारे स्टेशन, जे ऐकलं थे इथंच ठेवा. ओव्हर.’

सारी नदी अडवून बसली होती मी. इतका वेळ कोणाले बोलता आलं नाई, फक्त ऐकता आलं. टेकडीवरून ‘ऐकलं’ आलं नाई. झोपले असतीन.

२० जुलै, मंगळवार

डोंग्याच्या बुडाले दोन जागी पाणी झिरपत होतं. आज पाहाते तं कोणी ताग ठोसून डांबर लावलं. काडीची दोरी बी नवी, आणि गाठ अशी का ओढली तं घट्ट आणि एका हिसक्यात मोकळी. ओव्हरशेराचा माणूस येऊन गेला असन. सरकार कधी कधी काम करते तं.

शोभाचे बाबा जेवाले आले तं बोटं काळी होती. म्हणलं, हात धुवा, अन्न हाय पुढ्यात. धुतले.

४ ऑगस्ट, बुधवार

पंधरा दिवस लिहायसारखं काई नव्हतं. पाऊस, हजेरी, पाऊस.

आज वळणामागं जा लागलं. पल्याडच्या नाल्याच्या तोंडाशी पाच-सहा घराइची वस्ती हाय, तिथं एका बाईचे दिवस भरले होते. तिले अल्याड आणलं. निघण्याआधी वस्तीवरून कंट्रोलले बोलावलं तं जबाबच नाई. किसनराव सांगत होते थे खरं हाय, टेकडी मधात आली का आवाज अडते. मंग टेकडीले बोलावलं. त्याइनं ऐकलं, कंट्रोलले सांगतलं, आणि कंट्रोलचा निरोप मले. पुलगावच्या दवाखान्याची गाडी घाटावर येऊन उभी होती.

टेकडीचं बोलणं मोजकं, एकेक शब्द सुटा. घरी तोंडातल्या तोंडात पुटपुटते तो हाच माणूस का, असं वाटलं.

१२ ऑगस्ट, गुरुवार

पुंडलिकरावानं अर्ज केला. सरकारी वायरलेसवर बोरगव्हाणची बाई कोणाच्या बी तोंडाले मूठ लावते, बकरीवाले, येणारे-जाणारे सारे सरकारी डब्ब्यात बोलते. खोटं काई लिहिलं नाई, हेच वाईट.

ओव्हरशेर आले. आवाज चढवला नाई, त्याचा मले आणखी राग आला. म्हणे, ‘भाभी, पूर आला का तुमच्या डोंग्यात मास्तर नसन आणि बकरीवाला बी नसन. तुमी एकट्या असान. तवा नाव कोण घेईन?’

मी म्हणलं, यादीतलं बदला.

‘परवाना बदलल्याशिवाय यादी बदलत नाई, आणि घाटाचा परवाना आजवर बाईच्या नावानं झाला नाई. पोळ्यापर्यंत पायतो. तवरोक तुमी स्वतः नाव घेतलं तं ठीक, नाई तं डब्बा आणि घाट, दोन्ही पुंडलिकरावाच्या डोंग्याले.’

घाट जाईन म्हणजे काय थे त्या माणसाले नाई समजणार. माह्या बापानं लहानपणी मले या नदीत पवाले शिकवलं. डोंगा गेला तं मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाईन, लाज नाई त्याची. पण पुंडलिकरावाच्या माणसाले पाणी समजत नाई. तो पायऱ्या मोजते, पाण्याचा रंग पाहात नाई.

टेकडीवर भाकर घेऊन गेली तवा शोभाच्या बाबाइले सारं सांगतलं. ऐकलं. भाकर पुरी खाल्ली.

१६ ऑगस्ट, सोमवार

पोळा परवावर आला. आज दुपारी रिकामा डोंगा मधात नेला, मूठ बाजूले ठेवली, बटण नाई दाबलं, आणि नाव घेऊन पायलं. पहिलं अक्षर आलं. पुढचं नाई आलं. मोठ्यानं हासली मी, एकटीच. पुरात उडी घेईन, साप हातानं धरीन, आणि इतकं एक होत नाई.

पाणी वाढून राह्यलं. रंग चहासारखा झाला, वरून फेस आणि तुरीच्या काड्या वाहत येते. रात्रीतून सातव्या पायरीवर जाईन. प्रेमदासले सांगतलं. नाव घाटावर आलेल्या देवळाच्या पुजाऱ्याकडून घेऊन घेतलं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

आता लिहाले बसली. हात दुखते, पण आजच लिहीन.

मंगळवारी सकाळी पाणी आठव्या पायरीवर होतं. कंट्रोलनं सांगतलं का नाल्याच्या तोंडची वस्ती पाण्यानं येढली, ज्याचा डोंगा जवळ त्यानं जावं. जवळ मीच. पुंडलिकरावाच्या माणसानं इंजिन नाई म्हून नकार कळवला. त्याच्या डोंग्याले कधीच इंजिन नव्हतं. मी एकटीच निघाली. ‘निघाली, ओव्हर’ इतकंच म्हणलं. त्या दिवशी प्रेमदासनं कोण म्हून इचारलं नाई.

लोक एका गोठ्याच्या छपरावर चढून बसले होते. बाया, लेकरं, दोन बुढे, आणि मागल्या पंधरवड्यात मी अल्याड आणलेली तीच बाई, आता कडेवर तान्हं घेऊन परतलेली. अकरा जण. डोंग्यात आठ बसते. मी म्हणलं सारे बसा, भांडी ठेवा. एक बुढा पितळी हंड्यासाठी हटून बसला. त्याले म्हणलं, हंडा बसव आणि तू राह्य. मंग आला.

डब्बा ताडपत्रीत गुंडाळून पायाशी होता. मी दोरी ओढत होती, लेकरं रडत होते. डब्ब्यातून आवाज येत होता, पण दोन महिने दिवसभर येते तसाच. माह्या कानाले त्याची सवय झाली होती. नाव कोणतं बी असो, माहं नव्हतंच थे. म्हून लक्ष दिलं नाई.

आणि मंग ऐकलं.

‘भागीरथा. भागीरथा. भागीरथा. टेकडीवरून. ओव्हर.’

दोरी सुटली हातातून. माय-बाप मेल्यावर या नावानं मले कोणी बोलावलं नाई. गावात मी शोभाची माय, घाटावर डोंगेवाली, हापिसात भाभी. त्याइनं स्वतः तं एका बी दिवशी घेतलं नाई, ‘अवं’ म्हणूनच आयुष्य गेलं. मूठ उचलली. बटण दाबलं. मंग म्हणलं, ‘भागीरथा. ऐकून राह्यली. ओव्हर.’

मधात कोण्या तरी घाटानं इचारलं, भागीरथा कोण. प्रेमदासनं म्हणलं, बाकी सारे चूप.

टेकडी म्हणे, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, कंट्रोल कवाचं सांगून राह्यलं, वळणामागं तुले ऐकू येत नाई. अर्ध्या तासात मोठं पाणी येते. जितके हायेत तितके घे आणि आत्ता निघ. मी म्हणलं, अकरा हायेत, वल्ह्यानं अर्ध्या तासात मधली धार कटणार नाई.

 मंग म्हणले, ‘शीड खोल. वारा पल्याडून अल्याड हाय, तुह्या पाठीवर. आणि ऐक. देवळाचा कळस आणि वडाचा शेंडा एका रेषेत आले का तिथं लाकूड हाय. मागल्या वर्षीचं. हललं नाई, मी रोज पायतो. पाण्याले तिथं गुंडाळी पडते. त्याच्या वरच्या अंगानं काढजो. खालच्या अंगानं नको, मी खालच्या अंगानं काढला होता. ओव्हर.’

एका वर्षानं सांगतलं.

शीड खोललं. थे फुगलं तसा डोंगा असा निघाला का बुढ्यानं हंड्याचं नाव काढलं नाई. मी एका हातात वल्हं, एका हातात मूठ. ते वरून सांगत होते, डावीकडं, आणखी डावीकडं, आता धर. कळस आणि वड एका रेषेत आले तवा या वेळी डोळे उघडे ठेवले. गुंडाळी दिसली, अगदी सांगतली तशी, डोंग्यापासून दोन हात खाली. ओलांडली.

घाटाले लागलो आणि वर चढेपर्यंत मागं पाण्याची भिंत आली. गोठा गेला. हंडा गेला.

टेकडीवरून खाली उतरून कोणी आलं नाई. मीच वर गेली. ते डब्ब्यापाशी बसले होते, मूठ दोन्ही हातात, बटण दाबलेलं, आणि बोलत काईच नव्हते. मी म्हणलं, बटण सोडा, सारी नदी अडली हाय. सोडलं.

पोळा आमच्याकडं झालाच नाई. सारं गाव चिखल उपसत होतं.

२६ ऑगस्ट, गुरुवार

आता हा तमाशा पाहा. ओव्हरशेर कागद घेऊन आले. मोठ्या साहेबाच्या हातानं सत्कार. शाल, नारळ, कागदावर लिहिलं, पुरात अकरा जणाइचे प्राण वाचवणारे श्री फुली. नोंद तशीच हाय म्हणे. डोंगा त्याइच्या नावाचा, म्हणजे वाचवलं त्याइनं. आणि त्याच पिशवीतून दुसरा कागद. पोळा होऊन गेला, नियमाप्रमाणं नाव घेतलं नाई, सबब डब्बा आणि घाट पुंडलिकरावाच्या डोंग्याले द्यायचं ठरवून राह्यले. एका हातानं शाल आणि दुसऱ्या हातानं वल्हं ओढाले आले.

मी म्हणलं, शाल कोणत्या खांद्यावर टाकान? किसनराव खाली पाहाले लागले. माणूस वाईट नाई, यादीचा गुलाम हाय.

संध्याकाळी सहाच्या हजेरीले प्रेमदासनं नेहमीसारखं फुली, फुली, फुली म्हणलं. मी मूठ उचलणार, तं टेकडीनं पहिले बटण दाबलं. पुराचा दिवस सोडला तं आजवर आपण होऊन बटण दाबलं नव्हतं.

‘टेकडीवरून. त्या डोंग्यात मी नव्हतो. डोंगा भागीरथाचा हाय. ओव्हर.’

  मंग प्रेमदास म्हणाले, ‘भागीरथा, भागीरथा, भागीरथा. हजेरी. ओव्हर.’

‘भागीरथा. पाणी तिसऱ्या पायरीवर, सारं ठीक. ओव्हर.’

कोणाच्या तोंडाले मूठ लावा लागली नाई.

घरी आल्यावर भिंतीले टेकवलेलं वल्हं तिथं नव्हतं. शोभाच्या बाबाइनं बाहेर नेऊन तेल लावून ठेवलं होतं. म्हणलं, कोणाले द्याचं हाय का? ते तेलाचे हात पुसत राह्यले.

२ सप्टेंबर, गुरुवार

परवाना माह्या नावानं करा म्हून अर्ज लिहिला. शोभाच्या बाबाइले वाचून दाखवला. खाली ‘माझी हरकत नाही’ असं लिहून त्याइनं सही केली. कटकट सरावी म्हून केली असन. सही करताना तीनदा वाचला अर्ज, चौथ्यांदा पुन्हा मागून घेतला.

हापिसात दिलेल्या कागदाची नक्कल इथं ठेवते, सहीत त्याइचं नाव बी जसंच्या तसं, फुली नाई. कागद हरवण्याची त्याइची रीत मले माहीत हाय.

पूर नियंत्रण हापिसाचे साहेब यांस,

अर्ज करते की, बोरगव्हाण घाटाचा डोंगा मी एक वर्षापासून चालवते. १७ ऑगस्टले त्यात वल्ह्यावर मी होती, दुसरं कोणी नव्हतं. वस्तीच्या अकरा जणाइचे अंगठे सोबत जोडले हायेत, तान्ह्याचा बी हाय. रस्ता टेकडीच्या स्टेशननं सांगतला, तेही नोंदीत लिहा. लाकडाची जागा आता चारही घाटाइले माहीत हाय, ते पाणी उतरल्यावर काढून टाका.

पहिलं मागणं. यादीत डोंग्याचं नाव भागीरथा असं करा.

दुसरं. परवाना माह्या नावानं करा. आजवर बाईच्या नावानं झाला नाई असं सांगू नका. आजवर डोंग्यात डब्बा बी नव्हता.

तिसरं. शाल द्यायची असन तं दोन द्या, नाई तं एक बी नको.

मी नियमाप्रमाणं नाव घेत नव्हती, हे खरं हाय. आता घेते. माहं घेते, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. डब्बा मी नीट ठेवला, ब्याटरी कधी उतरू दिली नाई. पण यादीत दुसऱ्याचं नाव ठेवून माह्याकडून हजेरी घ्यायची असन तं डब्बा घेऊन जा. डोंगा माहा हाय, तो कुठं जात नाई.

जबाब मले कागदावर नको, कागदाले पाय फुटते. सोमवार, ६ सप्टेंबर, संध्याकाळी सहाच्या हजेरीले साहेबानं स्वतः पहिल्या नंबरावर, साऱ्या घाटाइच्या समोर सांगावं. हो का नाई. मी मूठ धरून बसलेली असन.

भागीरथा डोमाजी मारबते
बोरगव्हाण घाट